कोड सिलिंडर सांगतो, वायर कोण शोधणार?

मिस्त्री : स्कॅनर घेतला तेव्हा लोक म्हणाले, एवढ्या पैशात एखादी सेकंडहँड मोटरसायकल आली असती. पण तुला सांगतो बाबू, एवढ्या वर्षांत या धंद्यात यापेक्षा चांगली वस्तू मी घेतली नाही. कार्बोरेटरच्या काळात गाडी मिसिंग मारायला लागली की आमचा अर्धा दिवस गेलाच. आधी प्लग काढा, घासा, गॅप बघा. मग पॉइंट, मग कंडेन्सर, मग कार्बोरेटर खोलून जेट फुंका. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची कॅप काढायची. जी काढल्यावर आवाजात फरक पडला नाही तो सिलिंडर मेलेला. हाताला झटके बसायचे ते वेगळेच. आणि एवढं करून दोष खरंच सापडला का, हे गिऱ्हाईक परत आलं की नाही यावरून कळायचं. आता कपलर जोडला, चावी ऑन केली की पडद्यावर येतं : पी०३०२. म्हणजे दुसरा सिलिंडर. अर्धी लढाई तिथेच संपली. आणि ही चैन राहिलेली नाही. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला, तेव्हापासून साधी स्प्लेंडरसुद्धा इंजेक्शनची झाली. आपल्या आष्टी गावात ज्या घरी नवी गाडी आली त्या घरी ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक आला, सेन्सर आले, इंजेक्टर आला. आता कानावर धंदा चालवायचे दिवस गेले.

वायरिंगवाला : मशिनशी माझं भांडण नाही, मिस्त्री. पडद्यावर कोड आला की तुम्ही शोध थांबवता, भांडण तिथे आहे. हा पी०३०२ येतो कुठून ते बघा. सिलिंडरच्या आत बसून स्फोट झाला की नाही हे कोणी बघत नाही. क्रँकच्या चाकाजवळ एक सेन्सर आहे, तो फक्त फिरण्याचा वेग मोजतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला किंचित धक्का मिळतो, वेग वाढतो. ज्याच्या पाळीला तो धक्का मिळाला नाही, त्याच्या नावावर ईसीएम मिसफायर लिहून घेतो. म्हणजे त्याला कळलं एवढंच, की दुसऱ्याच्या पाळीला क्रँक रेंगाळला. प्लग गेला असेल तरी रेंगाळेल, कॉईल गेली असेल तरी, व्हॉल्व्ह जळाला असेल तरी, इंजेक्टर चोंदला असेल तरी, आणि इंजेक्टर चांगला असून त्याच्यापर्यंत करंट पोचत नसेल तरीही. या पाचांत फरक करायचं काम कोड करत नाही. ते तुम्ही करायचं असतं, आणि कोड दिसला की नेमकं तेच राहून जातं.

मिस्त्री : वायरीसाठी वेगळा कोड आहे की! पी०२०१, ०२०२, ०२०३. इंजेक्टरच्या सर्किटचा कोड. वायर तुटली तर तो येतो, नाही आला तर वायर चांगली. सरळ हिशेब आहे.

वायरिंगवाला : या सरळ हिशेबानंच सगळा घोटाळा होतो. वायर पूर्ण तुटली, किंवा पूर्ण शॉर्ट झाली, तर तो कोड येतो. अर्धी तुटली तर येईलच याची खात्री नाही. आणि आपल्या भागात वायरी बहुतेक अर्ध्याच तुटतात.

या वादाच्या तळाशी एक साधी रचना आहे, ती वाचकाला आधी माहीत असलेली बरी. पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरला दोनच वायरी जातात. एकीत चावी ऑन केल्यापासून रिलेमार्गे बॅटरीचा करंट उभा असतो. दुसरी ईसीएमकडे जाते, आणि ईसीएम ती क्षणभर अर्थिंगला जोडतो. तेवढ्या वेळात इंजेक्टरमधली गुंडाळी चुंबक होते, सुई उचलली जाते आणि पेट्रोलचा फवारा उडतो. गाडी उभी चालू असताना हा वेळ असतो जेमतेम दोन-तीन मिलिसेकंदांचा. सगळी गंमत आणि सगळी गडबड या दोन-तीन मिलिसेकंदांत आहे.

वायरिंगवाला : आता एक गणित करू. इंजेक्टरची गुंडाळी साधारण १२ ओहमची. चालू गाडीत १४ व्होल्ट असतात. म्हणजे एक अँपिअरच्या थोडा वर करंट. आता कपलरच्या पिनेवर गंज बसला आणि तिथे ४ ओहम वाढले. एकूण १६. करंट एक अँपिअरच्या खाली आला, आणि इंजेक्टरच्या वाट्याला १४ ऐवजी साडेदहा व्होल्ट उरले. सुई उचलली जाते, पण उशिरा. ईसीएमला हे कळत नाही. बॅटरी कमजोर असली तर तो इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो, तेवढी अक्कल त्याच्यात घातलेली आहे. पण तो व्होल्ट मोजतो स्वतःच्या दारात. तिथे १४ आहेत. कपलरमध्ये साडेतीन व्होल्ट खाल्ले गेले, त्याचा त्याला पत्ता नाही. आदेश गेला, सर्किट जोडलेलं आहे, सर्किटचा कोड कशाला येईल? पण सिलिंडरमध्ये पेट्रोल कमी पडलं, मिश्रण पातळ झालं, पेटलं नाही. पडद्यावर मिसफायर. गाडी उभी असताना थरथर, आणि रेस दिली की बरंच सुधारतं. काऊन? रेस दिल्यावर इंजेक्टर जास्त वेळ उघडा राहतो, मग तेवढा उशीर फारसा जाणवत नाही.

मिस्त्री : हे मी मीटरनं बघतोच की. कपलर काढतो, इंजेक्टरच्या दोन पिनांवर मीटर लावतो. १२ ओहम आले तर इंजेक्टर चांगला.

वायरिंगवाला : कपलर काढला, म्हणजे जिथे दोष होता तीच जागा मोजणीतून बाहेर गेली. तुम्ही गुंडाळी मोजली. गंज कपलरमध्ये होता, तो तुमच्या हातात लोंबतोय.

मिस्त्री : मग वायर मोजतो. एका टोकाला एक पिन, दुसऱ्या टोकाला दुसरी. मीटर पीं वाजला, विषय संपला.

वायरिंगवाला : तोही फसवा आहे. एका वायरीत बारीक तांब्याच्या कितीतरी तारा असतात. इंजिनच्या थरथरीनं वाकून वाकून एकेक तुटत जाते. शेवटची एक राहिली तरी मीटर पीं वाजतो, कारण मीटर मोजायला जो करंट सोडतो तो नखाएवढाही नाही. तेवढा एक तारही वाहून नेतो. पण इंजेक्टरला एक अँपिअर हवा. बारा जणांचं ओझं एकाच्या खांद्यावर दिलं की तो तापतो, अडखळतो, आणि गाडी गरम झाली की पूर्णच बसतो. म्हणून मी मीटरवर निर्णय देत नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतो. कपलर काढून, चावी ऑन करून, करंटच्या वायरीवर हा बल्ब लावायचा, दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर वायर चांगली. पिवळा, मंद पेटला तर वाटेत कुठेतरी कोणीतरी खातंय. ईसीएमकडे जाणारी वायर असेल तर ती ईसीएमकडूनही सोडवायची आणि मगच तिच्यावर बल्बचा भार टाकायचा, नाही तर ईसीएमच जायचा. आणि ते एलईडीचे छोटे टेस्टर मिळतात ना, ते यासाठी कामाचे नाहीत. एलईडी एका तारेवरही लख्ख पेटतो.

मिस्त्री इथे मागे हटतो असं नाही, पण त्याचं बोलणं दुसऱ्या वाटेला लागतं. वायर तुटते हे त्याला मान्य आहे. त्याचा प्रश्न असा की कंपनीनं पट्ट्यात बांधून, नळीत घालून, क्लिपांनी पकडून दिलेली वायर तुटावी का.

मिस्त्री : तू रागावू नको, पण निम्म्या वायरी तुमच्याच धंद्यातल्या लोकांनी मारलेल्या असतात. कोणी मागचा कॅमेरा लावतो, कोणी जादा एलईडी, कोणी मोठा हॉर्न, कोणी म्युझिक सिस्टिम. करंट हवा म्हणून जी वायर हाताला लागेल तिचं आवरण सोलायचं, कट मारायचा, पीळ द्यायचा, वर काळी टेप. आष्टीचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. त्या टेपचा डिंक पाघळतो, टेप सुटते, पावसाळ्यात पाणी शिरतं. सहा महिन्यांनी गाडी माझ्याकडे येते मिसिंग मारत. तेव्हा तो हॉर्न कोणी लावला हे गिऱ्हाइकाला आठवत नाही.

वायरिंगवाला : हा आरोप खरा आहे, मी नाकारत नाही. इंजेक्टरच्या फीडला हॉर्न जोडलेला मी पाहिलाय. हॉर्न वाजवला की गाडी मिसिंग. पण नुसता आमच्या माथी मारू नका. पांदण रस्त्यानं संत्र्याच्या बागेत गाडी जाते, खालून दगड, चिखल. दसऱ्याला प्रेशरनं इंजिन धुतात, ते पाणी थेट कपलरच्या रबरी सीलवर मारतात. उंदीर आहेतच. ज्या शेडमध्ये सोयाबीनची पोती त्याच शेडमध्ये रात्री गाडी उभी. गरम इंजिन, उबदार जागा, वरून वायरींचा पट्टा. अमेरिकेत यावर ग्राहकांनी टोयोटासारख्या कंपन्यांवर खटले भरले. म्हणे वायरीच्या आवरणात सोयाबीनचा अंश वापरता म्हणून उंदीर येतात. ते खरं असो नसो, जुन्या प्लॅस्टिकच्या वायरीही उंदीर सोडत नव्हतेच. होंडानं तर तिखटातला झोंबणारा अर्क घातलेली टेपच काढली, उंदरांसाठी.

मिस्त्री : म्हणजे सगळा दोष गावाचा?

वायरिंगवाला : नाही. कंपनीही चुकते, आणि मोठमोठ्या कंपन्या चुकतात. लँड रोव्हरचं टीडी-५ नावाचं डिझेल इंजिन होतं, १९९८ पासूनचं. त्यात इंजेक्टरच्या वायरी रॉकर कव्हरच्या आत, तेलात बुडालेल्या. ते तेल वायरीच्या आवरणाखालून, तारांमधल्या फटीतून, हळूहळू चढत चढत थेट ईसीएमच्या लाल कपलरपर्यंत पोचायचं. इंजेक्टर एकीकडे, तेल भरलेला कपलर पार दुसरीकडे. गाडी मिसिंग मारायची, माणसं इंजेक्टर बदलत बसायची. त्या गाडीच्या जाणकारांना आजही माहीत आहे, मिसिंग आली की आधी ईसीएमचा लाल कपलर काढून तेल आहे का बघायचं. वायर नुसता करंट नेत नाही, मिस्त्री. कधी तेल नेते, कधी पाणी नेते. दोष एका टोकाला असतो आणि दुखणं दुसऱ्या टोकाला दिसतं.

हे उदाहरण दूरचं असलं तरी त्यातला धडा इथल्या गाडीला लागू पडतो. आष्टीहून संत्री भरून निघणारे छोटे मालवाहू बघितले तर त्यांतले काही दोन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन घेऊन धावतात. टाटा एस गोल्डचं पेट्रोल इंजिन ६९४ सीसीचं, दोनच सिलिंडरांचं. अशा इंजिनात एक सिलिंडर गेला की निम्मी ताकद गेली. गिऱ्हाईक येऊन सांगतं, “भाऊ, चढावर दमच नाही राहत.” आणि अशाच इंजिनात प्लग बघून निदान करणारा मिस्त्री हमखास फसतो.

वायरिंगवाला : एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडलं, तो पेटला नाही. त्याच्यातली हवा न जळता सायलेन्सरकडे गेली. तिथला ऑक्सिजन सेन्सर म्हणतो, ऑक्सिजन फार आहे, मिश्रण पातळ आहे. ईसीएम ऐकतो आणि दोन्ही सिलिंडरांचं पेट्रोल वाढवतो. आजारी सिलिंडरला वायरीमुळे ते मिळतच नाही. धडधाकट सिलिंडरला नको तेवढं मिळतं. त्याचा प्लग काळा, काजळी धरलेला. आजारी सिलिंडरचा प्लग कोरडा, स्वच्छ. तुम्ही दोन्ही काढून हातात घेता, आणि बोट ठेवता कोणावर? काळ्यावर. प्लग नवा, नोझल साफ, आणि ज्याचं काही बिघडलं नव्हतं त्याच्यावर गिऱ्हाइकाचे पैसे गेले.

मिस्त्री : हे मला मान्य. पण बघ, तू जे सांगतोस ते सगळं स्कॅनरवर दिसतं. पेट्रोल किती टक्के वाढवलं जातंय, ऑक्सिजन सेन्सर काय सांगतोय, सगळं लाइव्ह. आणि त्याहून मोठी गोष्ट, फ्रीज फ्रेम. कोड लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, गाडी उभी होती की पळत होती, हे सगळं ईसीएम लिहून ठेवतो. गिऱ्हाईक सांगतं, “सकाळी चांगली होती.” फ्रीज फ्रेम सांगते, इंजिन पूर्ण गरम होतं, गाडी उभी होती. दोष गरमीत उघडतो, म्हणजे वायर किंवा कॉईल, हे तिथेच कळतं. तुझ्या २१ वॅटच्या बल्बला हे कधी कळलं असतं? गाडी थंड असताना तुझा बल्बही लख्खच पेटेल.

वायरिंगवाला : हो. इथे स्कॅनर माझ्यापुढे आहे. दोष कधी होतो हे तो सांगतो, आणि कधी ते कळलं की मी गाडी त्याच अवस्थेत आणून वायर तपासू शकतो. गरम करून, पट्टा हलवून, कपलर दाबून. हलवल्यावर आवाज बदलला तर हातात सापडलंच. पण हे वापरतं कोण? कोड वाचायचा, पुसायचा आणि पार्ट सांगायचा, एवढ्यावरच बहुतेकांचा स्कॅनर थांबतो.

मिस्त्री : आणि इथे तर लोक आधीच निकाल घेऊन येतात. हल्ली प्रत्येकाचं एकच : इथेनॉलच्या पेट्रोलनं झालं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून मिसिंगचा प्रत्येक दोष त्याच्या डोक्यावर. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं, टाकीत पाणी उतरलं तर गाडी त्रास देतेच. पण मी एवढंच विचारतो, टाकी एक आहे, पेट्रोल सगळ्या सिलिंडरांना तेच जातं, मग एकच सिलिंडर कशानं मेला? एकट्या सिलिंडरचं दुखणं असेल तर आधी पेट्रोलचा विचार सोडा.

वायरिंगवाला : बरोबर. पण मोटरसायकलला हे लागू नाही. तिथे सिलिंडरच एक. तुलना कोणाशी करणार? अदलाबदल करायला दुसरा इंजेक्टर नाही. तिथे मापं घ्यावीच लागतात.

मिस्त्री : अदलाबदलीची युक्ती मात्र सोडू नको. दुसऱ्याचा इंजेक्टर पहिल्याला लाव. मिसिंग त्याच्यासोबत पहिल्याकडे गेली तर इंजेक्टर खराब. जागेवरच राहिली तर दोष जागेत : वायर, कपलर, नाही तर कॉम्प्रेशन. फुकटात निकाल.

वायरिंगवाला : पेट्रोलवर चालतं. डिझेलवर ही युक्ती घेऊन गेलात तर घात होईल. जुन्या डिझेलला नाशिकच्या मायकोची नोझल असायची, आणि मिसिंग शोधायला तुम्ही लोक एकेका पाइपाचा नट ढिला करायचे. कॉमन रेलच्या नव्या डिझेलवर हे चुकूनही करायचं नाही. तुमच्या टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बार. त्या पाइपात डिझेल दीड हजार बारच्या पुढे. ढिल्या नटातून फवारा उडाला तर कातडीच्या आत घुसतो. वरून त्या इंजेक्टरच्या वायरीत १२ नाही, उघडताना पन्नासच्या वर व्होल्ट येतात; सुई टोचून टेस्टर लावणाऱ्याचा हातही पोळतो आणि ईसीएमही जातो. आणि प्रत्येक इंजेक्टरच्या माथ्यावर त्याचा आकडा छापलेला असतो, जागा बदलली की तो ईसीएममध्ये नव्यानं घालावा लागतो. तिथे स्कॅनरशिवाय हात लावू नये, हे मी स्वतः सांगतो.

मिस्त्री : म्हणजे फिरून तू माझ्याकडे आलास.

वायरिंगवाला : डिझेलपुरता आलो. पण तिथेही वायर तपासावी लागतेच.

इथवर तंत्राचा वाद होता, आणि त्यात दोघांचीही बाजू भक्कम आहे. पण खरा पेच यापुढे आहे. दोघांनाही तो ठाऊक असतो. पण बोलायला नको वाटतो, कारण तो पैशाचा आहे.

मिस्त्री : समज, आंबिया बहराचा माल निघालाय. गाडीत संत्री भरलेली, रात्री नागपूरच्या कळमना बाजारात पोचायची आहेत. गाडी तळेगावच्या चौकात मिसिंग मारते, कशीबशी माझ्याकडे येते. मालक म्हणतो, “काय टाकायचं ते टाक, पण गाडी सोड.” मी इंजेक्टर बदलला. हजारांत बिल झालं. तो देऊन टाकतो, कारण हातात जुना इंजेक्टर दिला आहे. आता तूच सांग, मी दोन तास वायर शोधली, सापडली, बोटभर वायर जोडली, डाग दिला, स्लीव्ह चढवली. सामान दहा रुपयांचं. बिल किती लावू? पाचशे लावले तर तोच मालक म्हणेल, “एवढुशी वायर जोडायचे पाचशे?” आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जाईल. वस्तू दिसते, तिचे पैसे निघतात. शोध दिसत नाही.

वायरिंगवाला : आणि त्यात सगळ्यात मोठा फसवा प्रकार सांगतो. तुम्ही इंजेक्टर बदलला तेव्हा काय केलं? कपलर काढला, परत बसवला. पिना एकमेकींवर घासल्या गेल्या, वरचा हिरवट थर निघाला. गाडी खणखणीत चालली. तुम्ही म्हणालात इंजेक्टरच होता, मालक म्हणाला इंजेक्टरच होता, आणि इंजेक्टर विकणारा तर म्हणणारच. गंज मात्र तिथेच आहे. दोन-तीन आठवड्यांनी, किंवा पहिल्या पावसात, पुन्हा तेच. तेव्हा गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे जाते आणि तो कॉईल बदलतो. कॉईलचा कपलर काढताना तो वायरींचा पट्टा हलवतो, पुन्हा काही दिवस ठीक. एका गंजलेल्या पिनेपायी तीन चांगले पार्ट भंगारात गेलेले मी बघितलेत. आणि प्रत्येक वेळी प्रत्येकाचा अनुभव सांगत होता, की निदान बरोबर होतं.

मिस्त्री : तुझं सोपं आहे. तुला वायरीचंच बोलावणं येतं. माझ्याकडे मिसिंग येते, आणि मिसिंग म्हणजे इंजिन, इंजिन म्हणजे मिस्त्री. तुझ्याकडे गाडी पाठवली तर गिऱ्हाईक म्हणतं, याला जमलं नाही. आणि तुझ्याकडे पाठवावी तर तू तीन गाड्यांवर अडकलेला. वायरीचा आकृतीपटही आपल्यापैकी कोणाकडे नाही. कोणत्या रंगाची वायर ईसीएमच्या कितव्या पिनेवर जाते हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला माहीत, आणि ती सेंटरं अमरावतीला, नागपूरला.

वायरिंगवाला : त्यावर भांडण झालेलं आहे, मिस्त्री, आणि मोठं झालेलं आहे. २०१४ साली स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला, तो याच कारणासाठी : सुटे पार्ट आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत. पुढे प्रकरण अपिलात गेलं, न्यायालयात गेलं. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात गाड्याही आल्या, शेतीची अवजारंही आली. पण मला विचाराल तर आकृतीपट मिळूनही निम्माच प्रश्न सुटेल. वायर कुठून कुठे जाते ते कागदावर कळेल. कुठे घासते, कुठल्या ब्रॅकेटच्या धारेवर टेकते, हे गाडीखाली झोपल्यावरच कळतं. आणि त्या झोपण्याला पैसे मिळत नाहीत.

मिस्त्री : इंजेक्शन परवडत नसेल तर लोकांनी कार्बोरेटरवरच राहायला हवं होतं मग.

वायरिंगवाला : ती वाट बंद झाली. बजाजनं २००७ साली पल्सर २२० इंजेक्शनवर आणली आणि २००९ ला तीच गाडी कार्बोरेटरवर परत नेली. तेव्हा परत जायला जागा होती. २०२० नंतर ती नाही. आणि जायलाही नको; गाड्यांच्या धुरात तुम्हीही श्वास घेता, मीही घेतो. हवा चांगली हवी तर इंजेक्शन हवं, इंजेक्शन हवं तर वायर हवी. मग वायर तपासायलाही पैसे मोजायला हवेत, एवढंच माझं म्हणणं.

मिस्त्री : बरं, एक करून बघू. मी बिलावर वेगळी ओळ लिहितो : वायरिंग तपासणी. तासाप्रमाणे. गाडी आली की इंजेक्टरला हात लावायच्या आधी कोड आणि फ्रीज फ्रेम माझी, मग करंटच्या वायरीवर बल्ब, कपलर उघडून पिना, आणि पट्टा हलवणं तुझं. गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं, शोधायचे एवढे, दुरुस्तीचे वेगळे.

वायरिंगवाला : आणि तासभर शोधून वायर चांगली निघाली तर? खरंच इंजेक्टर खराब असला तर?

मिस्त्री : मग तपासणीचे कसले पैसे? दोष वायरीत नव्हताच ना.

वायरिंगवाला : तेव्हाच तर घ्यायला हवेत. वायर चांगली आहे हे कळलं म्हणून तर इंजेक्टर खात्रीनं बदलता आला. नाही तर तो अंदाजच राहिला असता.

मिस्त्री : हे तू मला पटवशील. संत्र्याची गाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पटव, की काही सापडलं नाही त्याचे दोनशे रुपये दे.

वायरिंगवाला : डॉक्टरला देतो तो. रक्त तपासलं, मलेरिया निघाला नाही, तरी लॅबवाला पैसे घेतो.

मिस्त्री : लॅबवाला कागद देतो बाबू. तू काय देशील हातात?

वायरिंगवाला : व्होल्टचे आकडे लिहून देईन. चावी ऑन असताना किती, गाडी चालू असताना इंजेक्टरच्या कपलरवर किती, बॅटरीवर किती. तारीख टाकून. पुढच्या वेळी कोणाकडेही गाडी गेली तरी त्याला कळेल, त्या दिवशी ही वायर चांगली होती.

मिस्त्री : आणि तो पुढचा मिस्त्री तो कागद वाचेल म्हणतोस?

वायरिंगवाला : तुम्ही वाचाल का, ते आधी सांगा. दुसऱ्या कोणी लिहून दिलेला असला तर.